खिंडीतला दगड

तीन घाव बसले तरी बैल उभाच. गो म्हाताऱ्याने कुऱ्हाड जमिनीला टेकवली, तळव्यांवर थुंकला आणि खालच्या ठाण्यावरून आलेल्या शिपायांकडे बघून ओरडला, "दात काय काढताय रे? या की पुढं, धरा शिंगं!"

शिपायांना त्याची भाषा कळत नव्हती, म्हणून ते आणखीनच हसले. पांगला मात्र हसू आलं नाही. एका घावात बैल पाडणारा तिचा सासरा, आणि आज, एवढ्या परक्या माणसांदेखत, त्याचे तीन घाव फुकट गेले. ती दारूचं मडकं ढवळत उभी राहिली. चौथ्या घावाला बैल गुडघ्यांवर आला, पाचव्याला आडवा झाला. रक्त बांबूच्या पन्हळीतून खड्ड्यात उतरलं. खड्डा कमरेइतका खोल होता. त्याच्या काठाला आठ माणसांनी खांद्यावरून वर चढवून आणलेला दगड पडला होता.

आमच्या डोंगरांत दगड पुरणं म्हणजे पोरखेळ नव्हे. पाण्यावरून, रानावरून दोन गावांची जुंपली, डोकी फुटली, की शेवटी बैल मारतात. त्याच्या रक्तावर दगड अर्धा पुरून उभा करतात आणि दोन्हीकडची माणसं तेच रक्त घातलेली दारू पिऊन शब्द देतात. कागद नाही, शिक्का नाही, दगड ऐकतो तेवढं पुरे. शब्द मोडला तर मोडणाऱ्याला बैलामागे धाडायचं, आणि तेही परक्याने नाही, त्याच्याच रक्ताच्या माणसाने. परक्याने मारलं की सूड लागतो आणि नातवंडांना निस्तरावं लागतं. घरच्याने मारलं की तिथंच मिटतं. दगडावर खोटं बोलणाऱ्यालाही हीच शिक्षा. अकरा वर्षांपूर्वी गो म्हाताऱ्याने स्वतःच्या धाकट्या लेकाला असंच धाडलं होतं. लेकाने दगडापलीकडच्या गावच्या म्हशी हाकून आणल्या होत्या. त्या दिवशी पांगच्या घरी चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच गावचे लोक तांदूळ घेऊन दुखवट्याला आले आणि म्हाताऱ्याच्या पायांशी बसून रडले.

"आणि याला हे ओरखडे कुणी काढलेत?" गोने पायाचा अंगठा दगडावरच्या अक्षरांवरून फिरवला. "दगड आहे का खोंड, डाग द्यायला?"

"त्यांची रीत आहे, आजोबा," शोंग म्हणाला. "लिहिल्याशिवाय त्यांना आठवत नाही."

"मग आपलं घर कुठलं हे कसं आठवतं? दारावर लिहितात?"

"लिहितात की. लाल कागदावर."

सगळं गाव पोट धरून हसलं. शिपाईही हसले, आपल्याला काहीतरी चांगलं म्हटलं असणार या समजुतीने.

शोंग म्हणजे पांगचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा आणि ही दहाची. पाठीला बांधून हिनेच त्याला वाढवला, त्याला पाठीवर घेऊनच भात लावला, त्याच्या नाकाला पदर लावता लावता स्वतः मोठी झाली. चौदाव्या वर्षी, उपासमारीच्या साली, तो खाली नदीकाठच्या ठाण्यात मिठाच्या व्यापाऱ्याकडे कामाला गेला तो तिकडचाच झाला. कपाळ भादरलं, मागे वेणी सोडली, त्यांची भाषा शिकला आणि ठाण्याचा दुभाष्या होऊन बसला. त्यांच्या कागदांत आम्हा डोंगरातल्या माणसांचे दोन प्रकार लिहिलेले असतात, कच्चे आणि शिजलेले. जे सारा भरतात, वेणी ठेवतात, साहेबापुढे गुडघे टेकतात ते शिजलेले. उरलेले कच्चे. म्हणजे शोंग शिजलेला आणि पांग कच्ची, एकाच आईची पोरं.

"काय रे, तुला उकडला की भाजला?" तो घरी आला की पांग विचारायची.

"खारवलाय मला, ताई. मिठाच्या दुकानात होतो ना."

असा तो गोड माणूस होता. त्याला कुणाचं भांडण बघवत नसे. लहानपणी दोन कोंबडे झुंजायला लागले तरी मध्ये जाऊन रडायचा.

ठाणेदार तान घोड्यावरून उतरला तेव्हा गावाने त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. वाळका, पन्नाशीचा, नम्र माणूस. काहीही हाताळलं की रुमालाने बोटं पुसायचा. गोने दुरूनच त्याला न्याहाळलं असतं, पण डोळ्यांत मोतीबिंदू होता, म्हणून तो अगदी नाकाजवळ गेला. तान मागे सरला नाही. गावाला ते आवडलं.

दगड उभा केला, माती लोटली, सगळ्यांनी भोवती नाचून ती दाबली. पांगने रक्त घातलेली दारू दोन वाडग्यांत ओतली. गोने पहिला वाडगा उचलला आणि शब्द दिला: "या दगडाच्या खाली आमचा माणूस हत्यार घेऊन उतरणार नाही. तुमचं मीठ लुटणार नाही, तुमचा माणूस मारणार नाही. ऐक दगडा." आणि गटागटा प्याला.

तानने वाडगा हातात घेतला, एकदा आत पाहिलं, आणि चार शब्द बोलून नाक मुरडत पिऊन टाकला. शोंगने त्याचे चाळीस केले.

"साहेब म्हणतात, या दगडाच्या वर माझा माणूस हत्यार घेऊन चढणार नाही. तुमचे डोंगर तुमचे, तुमचं पाणी तुमचं. मी खाली, तुम्ही वर. ऐक दगडा."

आपल्या भावाला परक्याच्या इतक्याशा बोलण्यातून एवढं काढता येतं, याचं पांगला कौतुकच वाटलं.

"बरं," गो म्हणाला. "याचं इथं रक्ताचं कोण आहे? उद्या याने शब्द मोडला तर हात कुणाचा?"

हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आलाच नव्हता. परमुलखातला माणूस, त्याचा ना भाऊ इथं, ना बाप. रक्ताचा माणूस नसेल तर दगड पुरलाच नाही, असं होतं. दगड पुरला नाही तर उद्या काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पलीकडच्या दोन खोऱ्यांतून महिनाभर धूर दिसत होता.

शोंगने दोन्ही वाडग्यांच्या तळाशी उरलेलं एकात केलं आणि पिऊन टाकलं.

"माझा," तो म्हणाला. "मी दोघांचं प्यालोय. आजपासून मी याचा भाऊ. हात माझा."

पांगच्या हातातली पळी मडक्यात पडली. "खुळा झालास का रे तू?"

"दगडासमोर बोललाय," गो म्हणाला. "आता त्याला खुळा म्हणू नकोस."

शिपाई बैलाच्या मांसावर तुटून पडले तेव्हा पांगने भावाला भातखाचरांच्या बांधावर गाठलं. त्याचं मनगट धरलं.

"त्याने मोडलं तर तुला त्याला मारावं लागेल. आणि मारलंस की ते तुझे तुकडे करतील. कळतं का तुला काही?"

"मोडणार नाही, ताई."

"कशावरून?"

"प्याला ना तो? तुझ्यादेखत प्याला." शोंग हसला, पण नजर खाली खोऱ्याकडे होती. "वरून हुकूम होता, तीनशे बंदुका चढवा म्हणून. मी दोन महिने त्याच्या मागे लागलो. म्हटलं, साहेब, एक दगड आणि एक बैल, काम होऊन जाईल. आता तो कागद लिहून वर पाठवेल आणि तुम्ही सुखाने भात कापाल. न्यांगचं लग्न आहे ना सुगीनंतर? मी येतो. मामा नको का?"

न्यांग ही पांगची एकुलती एक मुलगी. पांगच्या नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. आता घरात सासरा, सून आणि नात एवढीच माणसं. पांगने भावाचं मनगट सोडलं. त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला, दगड टिकू दे, माझा भाऊ वाचू दे. रोज पहाटे पाणी आणायला जाताना ती खिंडीकडे बघायची आणि दगड दिसला की जीव भांड्यात पडायचा.

दगड पुरल्यावर पहारा ठेवत नाहीत. ठेवला तर ते दगडावर थुंकणं झालं. म्हणून दुसऱ्याच दिवशी गावाने खिंडीच्या वाटेत रोवलेले बांबूचे सुळके उपटले. विष लावलेले, बोटभर टोकांचे सुळके, तीन पिढ्यांनी जपलेले. ते धुऊन, सुकवून घराघरांत जळणाला वाटले. आडवी धनुष्यं माळ्यावर गेली. खडकावर दगडांची रास दोरांनी बांधून ठेवली होती, ती पोरांनी हसतखेळत दुसऱ्या बाजूला ढकलून दिली. न्यांगने त्या सुळक्यांच्या विस्तवावर चिकट भात वाफवला आणि आईला म्हणाली, "बघ, किती छान जळतात. उगाच इतकी वर्षं मातीत घातले."

सात आठवडे झाले. भात लोंबीवर आला. एका सकाळी, दव सुकायच्या आत, खिंडीतून घोडा खिंकाळला.

पांग अंगणात भाताच्या पेजेचं पातेलं ढवळत होती. तिने मान वर केली. खिंड माणसांनी काळी झाली होती. पुढे तानचा घोडा, आणि घोड्याच्या लगामाला लोंबकळत, फरफटत येणारा शोंग.

गो म्हातारा ओट्यावरून उतरला. कुणीतरी माळ्यावरून धनुष्य काढून त्याच्या हातात दिलं, ते त्याने परत केलं. "दगडाशी बोलायला जायचंय," तो म्हणाला. "ते कशाला?" रिकाम्या हातांनी तो चढ चढू लागला. पांग त्याच्यामागे धावली.

दगडाशी तो पोचला तेव्हा घोड्याचे पुढचे पाय दगडाच्या अलीकडे आले होते. शोंगचा एक जोडा हरवला होता, पायातून रक्त येत होतं आणि तो तानच्या गुडघ्याला धरून काहीतरी बोलत होता, बोलत होता. तान शांतपणे उत्तर देत होता. शिकलेला माणूस अडाण्याला समजावतो तसं.

"काय म्हणतो?" गोने विचारलं.

शोंगने कपाळ पुसलं. "म्हणतो, दगड म्हणजे कुंपण नाही. दगड पुरला त्याच दिवशी हा मुलूख आत आला, म्हणतो. आपल्याच घरात शिरायला कुणाची परवानगी घ्यायची?"

"आत? कशाच्या आत?"

"त्यांच्या राज्याच्या. कागदावर काढलंय सगळं, आजोबा. ओढे, डोंगर, आपलं गाव. वर राजधानीला पाठवलंय."

"माझा डोंगर कागदावर मावला?" म्हाताऱ्याला खरोखरच आश्चर्य वाटलं.

"हत्यारं जमा करा, म्हणतो. केस भादरा. आणि गाव सोडून खाली नदीकाठी, ठाण्याच्या नजरेखाली राहायला चला. आजच."

गोने आपला सुरकुतलेला हात दगडाच्या माथ्यावर ठेवला आणि शोंगकडे तोंड केलं. "म्हणजे मोडला. पोरा, हात तुझा."

शोंग जागचा हलला नाही. त्याच्या कमरेला शिपायाचा सुरा होता. पांगने तो पाहिला. मनातल्या मनात ती ओरडत होती, नको, नको रे. आणि त्याच वेळी, तिची तिलाच लाज वाटली, पण ती असंही ओरडत होती, उचल, उचल हात!

"हात तुझा!" गो गरजला, आणि त्याने तानच्या घोड्याचा लगाम धरला.

पुढच्या रांगेतल्या एकाने बार काढला. इतक्या जवळून की म्हाताऱ्याच्या अंगरख्याला आग लागली. तो दगडाला मिठी मारून खाली घसरला आणि त्याच्या छातीतलं रक्त त्या अक्षरांच्या खाचांतून उतरू लागलं. पांगने त्याच्या अंगरख्यावरची आग तळहातांनी विझवली. तोवर तो संपला होता, आणि घोडे तिच्या दोन्ही बाजूंनी गावाकडे सुटले होते.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगितलं पाहिजे. गावात चाळीस घरं होती, देवदाराच्या लाकडाची, खांबांवर उभी. शिपायांनी आधी भाताची कोठारं पेटवली, कारण माणसं कोठार वाचवायला धावतात हे त्यांना माहीत होतं. माणसं धावली, आणि तिथंच रांगेने गोळ्या घालून पाडली. ज्यांनी माळ्यावरची धनुष्यं काढली त्यांना दोऱ्या चढवायलाही सवड मिळाली नाही. एक जण धनुष्य उलटं धरून सोट्यासारखं मारत होता, त्याला चौघांनी भाल्यांवर उचलला आणि तसाच आगीत टाकला. त्याचं ओरडणं बराच वेळ ऐकू येत होतं. खिंडीतले सुळके असते तर यातले निम्मे वाटेतच पाय धरून बसले असते. पण सुळके चुलीत गेले होते.

पांग घरी पोचली तेव्हा जिन्याच्या पायथ्याशी न्यांग पाण्याची कावड घेऊन दोन शिपायांशी झुंजत होती. पोरीच्या अंगात बळ होतं. एकाचा जबडा तिने मोडला होता आणि तो तोंड धरून घुमत होता. दुसऱ्याने तिच्या गळ्यातल्या चांदीच्या कड्यात हात घातला. लग्नासाठी घडवलेलं जड कडं, ती हौसेने दिवसरात्र घालून हिंडायची. त्याने ते हिसडलं, ते निघेना, मग त्याने तिला त्याच कड्याला धरून खाली पाडलं आणि ते काढण्यासाठी तिची मान कापली.

पांगने चुलीवरचं पातेलं दोन्ही हातांनी उचलून त्याच्या तोंडावर ओतलं. उकळती पेज. त्याची कातडी तिच्या डोळ्यांदेखत सुटली. तो आंधळा होऊन रांगू लागला तेव्हा ती त्याच्या डोक्यात तेच पातेलं घालत राहिली, एक, दोन, पातेलं चेपलं तरी घालत राहिली. "माझी पोर! माझी पोर, रांडेच्या!" मग मागून कुणीतरी बंदुकीचा दस्ता हाणला आणि ती लेकीच्या अंगावर पडली.

शुद्ध आली तेव्हा सूर्य कलला होता. गावच्या ढोल वाजवायच्या मैदानात, जुन्या झाडाखाली, उरलेल्या बायकापोरांना दोरांनी गळ्यागळ्याला बांधून बसवलं होतं. तीसेक असतील. पुरुष एकही नाही. एका बाजूला हत्यारांचा ढीग, धनुष्यं, भाले, विळे, कोयते. दुसऱ्या बाजूला एक शिपाई टोपलीत कान टाकत होता, उजवे तेवढेच, वर दाखवायला. तान घोंगडीवर बसून कुणाच्या तरी घरातला आंबवलेला मासा खात होता. त्याला तो आवडलेला दिसत होता. बोटं पुसून पुन्हा घेत होता.

शोंग आला. त्याने तानपुढे गुडघे टेकले, डोकं मातीला लावलं, पांगकडे बोट केलं. तान हसला, मान हलवली, आणि एका शिपायाने येऊन पांगच्या गळ्यातला दोर सोडला.

"ताई," शोंग तिच्याजवळ उकिडवा बसला. "चल. त्याने तुला मला दिलीय. माझ्या घरी चल."

पांगने त्याच्याकडे पाहिलं. डोक्यातून ओघळलेलं रक्त वाळून तिचा एक डोळा मिटला होता.

"न्यांग गेली," ती म्हणाली.

"पाहिलं मी."

"आजोबा गेले."

"ताई, चल ना गं."

"हात तुझा होता." तिचा आवाज इतका शांत होता की शेजारी बांधलेल्या म्हाताऱ्या बायका माना वळवून बघू लागल्या. "अजून आहे. तो बघ, पाठ करून बसलाय, मासा खातोय. कमरेला सुरा आहे तुझ्या. जा. तुझे तुकडे करतील, माझेही करतील, करू देत. मी तुला नको नको म्हणत होते इतके दिवस. आता म्हणत नाही. जा."

शोंगने मान हलवली.

"भ्यालास?"

"भ्यालो तर आहेच. पण ते नाही, ताई." त्याने ओठ चावला. लहानपणी मडकं फोडल्यावर चावायचा तसाच. "त्याला मारता येत नाही. त्याने शब्द मोडला नाही."

"म्हणजे?"

"दिलाच नव्हता. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, 'हे लोक आजपासून सम्राटाची लेकरं.' आणि प्याला. हत्यार आणणार नाही, डोंगर तुमचे, हे सगळं मी घातलं. त्याला मी सांगितलं होतं की ही सामील होण्याची रीत आहे, पाहुण्याला बैल मारतात."

पांगला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिला सुळके आठवले, स्वतःच्या हातांनी धुतलेले.

"का रे?" ती एवढंच बोलू शकली.

"बंदुका थांबाव्यात म्हणून. वाटलं, एक हंगाम जाईल, दुसरा साहेब येईल, हुकूम बदलेल. आणि..." तो रडायला लागला, तोंड वेडंवाकडं करून. "आणि खरं सांगू? वाटलं, प्याला म्हणजे प्याला. शब्द माझे असले तरी रक्त खरं होतं ना. ते त्याला आतून धरून ठेवेल. तीस वर्षं खाली राहिलो, ताई, त्यांचं लिहिणंवाचणं पाहिलं, तरी मला तसंच वाटत होतं. देवाशपथ, वाटत होतं."

शेजारच्या तीन म्हाताऱ्या ऐकत होत्या. त्यांतली एक गोची बहीण होती.

"दगडावर खोटं बोललास," पांग म्हणाली.

"हो."

"आणि तुझं रक्ताचं..."

"तूच आहेस. दुसरं कुणी नाही." शोंगने हत्यारांच्या ढिगातून एक कोयता ओढला आणि तिच्यापुढे ठेवला. शिपायांनी पाहिलं, पण दुभाष्याच तो, आपलाच माणूस, कुणी उठलं नाही. तो गुडघ्यांवर बसला, मागे हात नेऊन त्याने आपली वेणी मानेवरून बाजूला घेतली आणि दातांत धरली.

पांगने कोयता उचलला तो जड लागला. तिच्या मनात आलं, का म्हणून? गाव जळालं. ज्याने रीत सांगितली तो दगडाशी मरून पडलाय. बघायला तीन म्हाताऱ्या आणि बांधलेली पोरं. हा एकच उरलाय माझा. याला घेऊन खाली जाईन, याचं घर सारवीन, याला जेवायला घालीन. मानेच्या त्या उघड्या पडलेल्या जागेवर एक तीळ होता. पाठीवर घेताना तो तिला रोज दिसायचा आणि ती त्याला मुंगी म्हणून चिमटा काढायची. तिच्या घशातून हुंदका फुटला तो तिला आवरेना.

मग तिला न्यांगचा आवाज आला, किती छान जळतात म्हणणारा.

"वेणी सोड तोंडातली," ती म्हणाली. "आईचं नाव घे."

त्याने घेतलं. तिने कोयता मारला. तो अडकला. ओढून काढावा लागला आणि पुन्हा मारावा लागला, आणि या दोन घावांच्या मध्ये शोंगने "ताई" म्हटलं. दुसऱ्या घावाला तो पुढे कलंडला आणि त्याचं रक्त तिच्या पायांवरून मैदानात पसरलं.

शिपाई धावले, त्यांनी कोयता हिसकला, तिला गुडघ्यांवर पाडलं आणि भाल्यांची टोकं मानेला लावली. तान उठला होता. वाडगा कलंडून मासा त्याच्या जोड्यावर पडला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आज त्याने शंभर माणसं मारलेली पाहिली होती आणि त्याला काही झालं नव्हतं, पण हे पाहून त्याचे ओठ थरथरत होते. तो तिच्यावर ओरडला. काय विचारत होता ते कळायला भाषा लागत नव्हती. तुझाच भाऊ! तुला सोडवायला आला होता तो!

पांगने मान वर केली. तिला वाटलं, याला सांगितलं पाहिजे. कुणीतरी याला एकदा नीट सांगितलं पाहिजे.

"तुझ्यावर माझा दावा नाही," ती म्हणाली. सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. "आज तू माझी पोर मारलीस, माझा सासरा मारलास, त्याचं तुझं तू बघ. पण दगडाचा तू गुन्हेगार नाहीस. तू शब्द दिला नव्हतास. दिला होता याने, तुझ्या तोंडचा म्हणून. म्हणून मान याची आणि हात माझा. परक्याने मारलं असतं तर सूड लागला असता. मी मारलं, मिटलं. आता दगड उभा राहील. कळलं का तुला? तुम्ही कागदावर काय ते लिहा, पण हे पण लिहा. मी माझ्या भावाला वाढवला होता. मीच."

तान तिच्या तोंडाकडे एकटक बघत होता. ती थांबली तेव्हा त्याने शिपायांकडे पाहिलं. शिपाई एकमेकांकडे पाहू लागले. तीनशे शिपाई होते मैदानात, तिची भाषा एकालाही येत नव्हती.

मग तान सवयीने मागे वळला आणि मोठ्याने काहीतरी म्हणाला. त्यातलं पांगला फक्त तिच्या भावाचं नाव कळलं. तान त्यालाच हाक मारून विचारत होता, ही काय म्हणते म्हणून.